दगड वेचलेला उतार

शिरपूरपल्याड, सातपुड्याच्या उभ्या उतारावर, माझ्या शेजारी जळगावच्या एका साहेबांनी जमीन घेतली. चिकण माती आणि तिच्यात ठासून भरलेले दगड. साहेबांना हा गबाळेपणा खपेना.

“बठ्ठा दगड काढाना का, भाऊ?” मजूर बाईने विचारलं.

“सगळे! शेत गादीसारखं दिसलं पाहिजे,” ते रुमालाने बूट पुसत म्हणाले.

“उतारावर दगडच मातीला धरून ठेवतात,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अपार दयेने पाहिलं.

पावसाळ्यात ती गादी फुगली, घसरली आणि निमूटपणे खालच्या नाल्यात जाऊन पडली. वर उघडा खडक राहिला. साहेब आता खचतील, म्हणून मी धीर द्यायला गेलो.

त्यांनी खडकावर टाच आपटली आणि समाधानाने मान हलवली.

“पाया बघा, किती पक्का निघाला! आता बंगलाच बांधतो.”