भज्यांच्या तेलावर वाढलेले रोहू

नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मटण आणि तळलेलं बंद केलं आणि मासे खायला सांगितले. माशाची चरबी हृदयाला चांगली, म्हणाले. धानोऱ्याच्या आमच्या शेतात शेततळं होतंच. मी त्यात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली.

भावाचं विसरवाडीला भज्यांचं दुकान आहे. कढईत उरलेलं तेल तो डब्यात भरून ठेवी. ते भाताच्या कोंड्यात कालवून मी गोळे करायची आणि तळ्यात टाकायची. मासे भराभर वाढले. आल्यागेल्याला मी कौतुकाने तळं दाखवायची. नाना आठवड्यातून दोनदा मासे खाऊ लागले.

एकदा जाळं टाकायला सारंगखेड्याकडची एक कोळीण मावशी आली. तिचं सगळं आयुष्य तापीवर मासे धरण्यात गेलेलं. तिने एक रोहू चिरला आणि तिचा हात थांबला. आतड्यांभोवती मऊ, पिवळट चरबीचे थर होते. तिने बोट लावून हुंगलं.

"काय खावाडस तू मासास्ले?"

मी माशांचा खुराक सांगितला.

"जसं खास, तसं आंगले लागस," ती म्हणाली.

मासा जे खातो तेच त्याच्या अंगी लागतं, हे मला पटेना. नंदुरबारला मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांना गाठलं. ते म्हणाले, "हृदयाला चांगलं ते तेल माशात शेवाळातून, पाण्यातल्या बारीक जीवांतून येतं. तुम्ही भज्यांचं घातलंत, तर अंगात बरंचसं तेच साठणार. ते बंद करा. शेणखताने पाणी हिरवं होऊ द्या, थोडी जवसाची पेंड द्या. पण साठलेलं हळूहळूच बदलतं."

घरी येऊन नानांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते.

"माले वासवरतीनच समजनं व्हतं," ते शांतपणे म्हणाले.

"मंग सांगं का नही?"

"तू इतलं मनथीन करी ऱ्हायनी व्हती."

ज्या तेलापासून त्यांना लांब ठेवायचं, तेच मी माशातून त्यांच्या ताटात वाढत होते, आणि माझं मन राखायला ते मुकाट्याने खात होते.

तेल बंद केलं. मासे सावकाश वाढू लागले. चारेक महिन्यांनी एक चिरला, तर चरबीचा थर पातळ होता. लसूण-मिरचीचा रस्सा केला. नानांनी काटे काढत काढत खाल्लं आणि पहिल्यांदाच आणखी एक तुकडा मागितला. तब्येतीला त्याचा किती गुण आला ते सांगता येणार नाही. गोळ्या चालूच आहेत. मात्र आता काही बिघडलं तर ते मला तोंडावर सांगतात.