भाटकर मास्तरांच्या दोन ओळी

भाटकर मास्तर गेल्याची बातमी मला आमच्या टॉकीजच्या ऑपरेटरने, हुसेनने दिली. शुक्रवार होता. नवा चित्रपट लागायचा होता आणि मी रस्त्यावर उभा राहून पोस्टर सरळ लागलंय का ते बघत होतो. हुसेनने सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि म्हणाला, "मॅनेजर, मास्तर गेले. फळ्याचे." मी म्हणालो, "डाव्या बाजूला खाली आलंय रे पोस्टर." अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. मग आम्ही दोघे गेलो. दुपारचा खेळ मात्र वेळेवर सुरू कर म्हणून हुसेनच्या मदतनिसाला सांगून गेलो. मास्तरांसाठी खेळ बंद ठेवला असता तर ते तिरडीवरून उठून म्हणाले असते, "मी गेलो, त्यात चित्रपटाचा काय दोष?"

यशवंत भाटकर हे शाळेत चित्रकला शिकवायचे. पण रत्नागिरीत त्यांना ओळखलं जायचं ते दोन ओळींमुळे. गावातल्या एका साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर काळा फळा होता. साप्ताहिक रविवारी निघायचं, आणि रविवारपर्यंत चित्रपटाचा निकाल लागून गेलेला असायचा. म्हणून मास्तर शुक्रवारी पहिला खेळ बघायचे आणि शनिवारी सकाळी शाळेत जाताना त्या फळ्यावर आपलं मत लिहायचे. दोनच ओळी, वळणदार अक्षरात, शाळेतल्या खडूने. फळ्याला जागा भरपूर होती, पण तिसरी ओळ त्यांनी कधी लिहिली नाही. "नायिकेची दुहेरी भूमिका आहे. दोन्ही जमलेल्या नाहीत." "नायक शेवटी मरतो. फार उशीर करतो." "सहकुटुंब बघावा. कुटुंब मोठं असेल तर कुणीतरी जागं राहील." मुंबईत जुना झालेला चित्रपट आमच्याकडे नवा म्हणून यायचा, आणि तो आला रे आला की हे गृहस्थ त्याचे बारा वाजवायचे. मिरकरवाड्याची मंडळी बंदरावरून बाजारात येताना फळा वाचत, नाहीतर वाचून घेत. एकदा एक मासेवाली डोईवरची टोपली सावरत थांबली आणि मास्तरांनाच विचारती झाली, "मास्तर, रडू येईल काय वो?" मास्तर म्हणाले, "येईल, पण तिकिटाचं." बाई हसत घरी गेली. माझं एक गिऱ्हाईक गेलं.

अशा माणसाशी माझी मैत्री कशी टिकली, असं लोक विचारतात. टिकली खरी. ते कधी फुकट पासावर आले नाहीत. रांगेत उभे राहून तिकीट काढत. बसायचे सगळ्यांत मागे, कोपऱ्यात, मशीनच्या खिडकीखाली. वरून मशीनची घरघर ऐकू येते, त्यामुळे आपण चित्रपट बघतोय हे विसरायला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पुष्कळदा खेळ सुटला की ते मला घरी जेवायला न्यायचे. त्यांच्या दोन ओळी कशा तयार होतात ते मी तिथे पाहिलं.

सुमनवहिनी, त्यांची बायको, टॉकीजमध्ये कधी यायच्या नाहीत. अंधारात गुदमरायला होतं म्हणायच्या. पण शुक्रवारी पान वाढलं की मास्तर पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागत. वहिनी भाताची वाटी पानात उपडी करता करता म्हणायच्या, "मग?" मास्तर पुढे सांगत. आमटी वाढताना पुन्हा, "मग?" कधी कधी अर्ध्यावरच त्यांचा 'मग' थांबायचा, त्या उठून ताकाचं भांडं आणायच्या आणि शेजारच्या आंब्याच्या कलमाबद्दल बोलायला लागायच्या. मास्तर तिथेच थांबत. माझ्याकडे बघून म्हणत, "पडला तुमचा चित्रपट." बाकीची गोष्ट त्यांनीही नंतर कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर जे यायचं ते या जेवणातून उरलेलं असायचं. गावाला वाटायचं मास्तरांची जीभ फार तिखट. मला ठाऊक होतं, निकाल वहिनींचा असे, मास्तर फक्त लिहून काढत.

वहिनी गेल्या तेव्हा फळा एक शनिवार कोरा राहिला. पुढच्या शनिवारपासून लिहिणं पुन्हा सुरू झालं, पण त्यातली गंमत गेली होती. "ठीक." "चालेल." कधी नुसतंच, "पाहिला." मी त्यांच्याबरोबर जेवायला जायचो तेव्हा ते स्वतःच भात लावायचे आणि आम्ही दोघे पावसापाण्याच्या गप्पा मारायचो. चित्रपटाचं नाव ते काढत नसत, आणि मीही काढत नसे.

त्याच सुमाराला व्हिडिओ आला. आखाती देशांत गेलेली आमची मंडळी सुट्टीवर येताना यंत्र आणू लागली. एका घरात यंत्र, अंगणात अख्खी वाडी, आणि टॉकीजमध्ये मी, हुसेन आणि पंखे. आमचे मालक राजापूरला काजूचा व्यापार करायचे. त्यांनी निरोप धाडला की या मे महिन्यात मुंबईची चाकरमानी मंडळी आली आणि तरी खुर्च्या भरल्या नाहीत, तर पावसाळ्याआधी टॉकीजचं गोदाम करायचं. मी मास्तरांना हे सांगितलं. म्हणालो, एवढा महिना जरा हात आखडता घ्या. मास्तर म्हणाले, "मी खोटं लिहिलं तर लोक एकदा येतील, मॅनेजर. मग ना तुमच्याकडे येतील, ना फळ्याकडे." मला राग आला होता. गोदामात काजूची पोती मोजायची पाळी माझ्यावर येणार होती, त्यांच्यावर नव्हे.

मे महिन्यातला पहिला चित्रपट चिपळूणहून आला, एस.टी.च्या टपावरून. त्याच टपावर सावर्ड्याच्या बाजारात मासळी विकून परतणाऱ्या बायकांच्या टोपल्या होत्या. टोपल्यांतलं बर्फाचं पाणी वाटभर रिळांच्या डब्यांवर ठिबकत आलं आणि डब्यांवरच्या नंबरांच्या चिठ्ठ्या सुटून पडल्या. हुसेनने अंदाजाने पुन्हा चिकटवल्या. खेळ सुरू झाला. मोजकी माणसं होती, आणि कोपऱ्यात मास्तर. चित्रपट साधाच होता, एक मुलगा शहरात जातो, गावी त्याची आई मरते वगैरे. मध्यंतरानंतर पडद्यावर आईचा फोटो दिसला, त्याला हार घातलेला. पुढच्या रिळात तीच आई चुलीपुढे बसून मुलाला वाढत होती. मुलगा मुकाट्याने जेवत होता. ती काहीबाही विचारत होती. मी दारात उभा होतो, म्हटलं हुसेनने घोळ घातला वाटतं. मास्तरांकडे पाहिलं तर ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेले, हात गुडघ्यांवर.

शनिवारी फळ्यावर आलं : "गेलेली माणसं कशी परत येतात ते या दिग्दर्शकाला माहीत आहे. जरूर बघा."

'जरूर बघा' हे शब्द त्या फळ्याने तोवर पाहिलेले नव्हते. संध्याकाळच्या खेळाला रांग रस्त्यापर्यंत गेली. इकडे हुसेनने दुपारी फिल्म तपासून रिळं जागेवर लावली होती, त्यामुळे रांगेतल्या लोकांनी एक सरळसोट चित्रपट पाहिला. आई आधी वाढते, मग मरते. लोक बाहेर आले ते एकमेकांकडे बघत. एकाने मला विचारलं, "मास्तरांनी ह्यात काय बघितलानी?"

रविवारी सकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि टोपल्या, पाणी, चिठ्ठ्या सगळं सांगितलं. ते ऐकून आधी हसले. म्हणाले, "म्हणजे दिग्दर्शन बांगड्याचं." मग हसू थांबलं. "ती गेल्यापासून मला ती अशीच दिसते, मॅनेजर. आधी भिंतीवरचा फोटो, आणि मग पान वाढताना... मला वाटलं, हे कुणाला तरी कळलं. इतक्या वर्षांत एक चित्रपट जिवाला लागला, तोही कुणी केलेला नव्हता." मला त्यांची फार दया आली, आणि टॉकीजचीही आली. मी म्हणालो, "हुसेनला सांगतो, पुन्हा तसाच लाव. तुमचा शब्द राहील, माझ्या खुर्च्या भरतील." ते क्षणभर मोहात पडले असावेत. खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "नको. ज्याने केलाय, त्याने केलाय तसाच लागू दे." चपला घालून ते कचेरीपर्यंत चालत गेले, मीही मागोमाग गेलो. फळा त्यांनी हातानेच पुसला आणि लिहिलं : "काल लिहिलेलं मागे घेतो, रिळं चुकून मागेपुढे लागली होती. सरळ लावल्यावर चित्रपट सामान्य आहे."

मी मनात टॉकीजला कुलूप लावलं. पण गाव आपलं असूनही गावाचा अंदाज येत नाही तो असा. सोमवारपासून तिकिटाच्या खिडकीवर ओरडा सुरू झाला, "मॅनेजर, मास्तरांचा लावा वो! मागेपुढे!" गोव्याच्या वाटेवरचे लोकही थांबून चौकशी करू लागले. शेवटी दुपारी मास्तरांचा आणि संध्याकाळी दिग्दर्शकाचा, असे दोन्ही लावले. गावात दोन पक्ष पडले, दोघेही दोन्ही खेळांना येऊ लागले. मालकांनी गोदामाचं नाव पुन्हा काढलं नाही. मास्तर मात्र एकाच दुपारी आले, तिकीट काढून. आई वाढते ते रीळ संपलं तसे उठून गेले. नंतर डबे पुढच्या गावी रवाना झाले, नंबर पक्के चिकटवून. मास्तरांचा तो चित्रपट रत्नागिरीबाहेर कुणी पाहिलेला नाही.

परवा, मास्तर गेल्यावर महिनाभराने, त्यांच्या पुतण्याने घर आवरायला घेतलं म्हणून मी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आता दोन फोटो आहेत, दोघांनाही हार. खाली दोन पाट भिंतीला टेकून उभे. पुतण्या चहासाठी दूध आणायला गेला आणि मी एकटाच तिथे बसलो. मास्तरांचं मला अजून पटलं नव्हतं, माणसं काही परत येत नाहीत. पण फोटोंकडे बघता बघता सवयीने मी पाट मांडला... तर मास्तर समोर बसलेले, पहिला भात कालवताहेत, डावा हात हवेत, नायक कुठल्याशा पुलावर उभा आहे म्हणून सांगताहेत. वहिनी वाटी हातात घेऊन थांबल्यात. भात वाढायचं विसरून त्या विचारतात, "मग?"