पेपरवेट गेले, त्यानंतरची दुपार

मित्रहो, एक गंभीर तक्रार आहे. आज आमच्या कॉलेजातल्या सगळ्या टेबलांवरचे काचेचे पेपरवेट प्राचार्यांनी उचलून नेले. आता पंखा लावला की माझ्या संस्कृतच्या उत्तरपत्रिका वैराग्य आल्यासारख्या खोली सोडून निघतात.

कारण मात्र हसण्यासारखं नाही. गेल्या आठवड्यात, हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या एका मुलानं ऑफिसातल्या क्लार्क मॅडमना पेपरवेट फेकून मारला. कपाळाला टाके पडले. त्या अजून रजेवर आहेत.

तेव्हापासून आम्हाला सूचना आहेत. खुर्ची दाराजवळ घ्या, एकटे बसू नका, कुणी आवाज चढवला तर लगेच शिपायाला हाक मारा. सूचना योग्यच आहेत. खुर्ची सगळ्यांत आधी मीच सरकवली.

दुपारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात आली. उजवा हात पाठीमागं होता. मी इतक्या झटक्यात उठलो की खुर्ची पडली.

"भ्यालात व्हय सर?" ती हसली. मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. तिनं हात पुढं केला, त्यात कागदाची पुडी होती. "भंडारा हाय. अणदूरच्या खंडोबाला गेलते."

एरवी ती तासभर शंका विचारत बसते. आज पुडी ठेवून लगेच गेली.

मी पंखा बंद केला आणि भंडारा कपाळाला लावला.

सावध राहायलाच हवं, मला पटतं. पण आजवर दारात कुणी आलं की मी चेहरा बघायचो. आज आधी हात बघितला, आणि ते तिला कळलं. ती परत शंका विचारायला येईल का, याची मला काळजी वाटते.