भाऊजींचं लाटणं

मे महिन्यातल्या नागपुरात भर दुपारी दोन वाजता रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभा असलेला, घामानं निथळणारा आणि तरीही चेहऱ्यावर समाधान असलेला माणूस या भूतलावर एकच आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. असल्या उन्हात लोक डोक्याला दुपट्टा बांधून घर गाठतात. आमचे भाऊजी दुपट्टा बांधून रेडिएटर गाठतात. "गरम झाली थोडी," ते सांगतात, "तिले काय ऊन लागत नाही?" आणि शेजारच्या टपरीवरून बाटलीभर पाणी आणून आधी तिला पाजतात. उरलं तर स्वतः पितात.

ती म्हणजे एक लांबलचक, पांढरी, जुनी सेडान. भाऊजी तिचे तिसरे मालक. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ती घेतली, तेव्हा किंमत ऐकून आम्ही सगळे हरखून गेलो होतो. एवढी मोठी साहेबी गाडी इतकी स्वस्त का, हे मग हप्त्याहप्त्यानं कळत गेलं. पहिल्या उन्हाळ्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. पावसाळ्यात मागची काच अर्धी खाली आली आणि तिथंच मुक्कामाला राहिली, त्यामुळे ताई अख्खा श्रावण मागच्या सीटवर छत्री उघडून बसली. थंडीत क्लच गेला. मग बुश, मग शॉकअप, मग चारही टायर एकदम. पेट्रोलबद्दल बोलायची घरात बंदीच आहे. गाडी अंगणात मावेना, शेपूट फाटकाबाहेर राहायला लागली, तेव्हा भाऊजींनी तुळशीवृंदावन दोन हात मागं सरकवलं. ताई दोन दिवस बोलली नाही. "तुळशीले काय फरक पडते वं?" एवढंच ते म्हणाले, पण सकाळी तुळशीला पाणी घालायचं काम तेव्हापासून त्यांच्याकडे आलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल, पण भाऊजींच्या कानाला मात्र मी मनापासून हात जोडत आलो. पस्तीस वर्षं त्यांनी पाण्याच्या मोठमोठ्या पंपांवर नोकरी केली. तिथं लाकडी दांड्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवून आतलं दुखणं ऐकायची रीत होती. दांडा नोकरीबरोबर सुटला आणि त्याच्या जागी ताईचं सागवानी लाटणं आलं. ते इंजिनावर टेकवायचं, डोळे मिटायचे आणि डॉक्टरसारखं सांगायचं, "पट्टा कुरकुरून राहिला. पंधरा दिवस काढते." सोळाव्या दिवशी पट्टा तुटला, तेव्हा नवा पट्टा आधीच डिकीत होता. एकदा घाईत त्याच लाटण्यानं पोळ्या लाटल्या गेल्या. भाऊजी दोन जास्त जेवले.

परक्या गाड्यांनाही हा कान सोडत नसे. एकदा सिग्नलवर शेजारच्या गाडीवाल्याला त्यांनी काच खाली करून सांगितलं, "साहेब, तुमचा वॉटरपंप जाऊन राहिला. आज कोंढाळीच्या पुढं नका जाऊ." तो हसला आणि गेला. चार दिवसांनी संत्र्यांची पिशवी घेऊन घर शोधत आला. कोंढाळीच्या अलीकडेच अडकला होता म्हणे. एवढी लांब गाडी कुणाची, असं त्यांच्या मानेवाड्यात विचारलं की लहान पोरगंही घर दाखवतं. मी त्या दिवशी तिथंच होतो आणि मला उगीचच स्वतःचा अभिमान वाटला.

मग मागच्या दिवाळीत भाऊजींनी पेढे वाटले. कारण काय, तर गाडी चूप झाली. आठ वर्षांत पहिल्यांदा. डॅशबोर्डची खडखड नाही, बुशची कटकट नाही, काही नाही. मला मुद्दाम रिंग रोडवर फिरवून आणलं. "ऐक," म्हणाले, "येते काही ऐकू? याले म्हणतात गाडी."

मला ऐकू येत होतं. पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं असा मोठा आवाज येत होता, इतका मोठा की मी काय बोलतो ते मलाच ऐकू येईना. भाऊजी एका हातानं स्टेअरिंग धरून मजेत गाडी चालवत होते. घरी आलो तेव्हा ताई फाटकातच उभी होती. माझा चेहरा बघून तिनं मला बाजूला घेतलं. "टीव्ही बी फुल लावतात," ती म्हणाली, "अन् मलेच म्हणतात, तू आजकाल हळू काहून बोलते. सांगू कसं गा त्याईले?" ज्या माणसाचा कान हीच त्याची सारी ऐट, त्याला हे कोण सांगणार? मी पेढा तोंडात टाकला. ताईनंही टाकला. भाऊजींच्या नेहमीच्या मेकॅनिकनं तर दोन खाल्ले.

संक्रांतीनंतर छिंदवाड्याला लेकीच्या बाळंतपणासाठी ताईला पोचवायचं ठरलं. भाऊजी स्वतः नेणार, सावनेरवरून, घाटातून. घूं घूं म्हणजे चाकाचं बेअरिंग, आणि ते घाटात जाम झालं तर काय होतं, हे मला भाऊजींनीच एकदा समजावून सांगितलं होतं. माझी झोप उडाली. निघायच्या आदल्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. सगळं वाक्य पाठ करून गेलो होतो, पण तोंडून निघालं ते भलतंच. "भाऊजी, मला एकदा लाटणं लावायला शिकवा. पुढच्या डाव्या चाकावर."

"चूप गाडीवर काय शिकशीन?" ते हसले, पण जॅक लावला. चाक उचललं गेलं. मी ते हातानं फिरवलं, त्यांनी चाकामागच्या लोखंडावर लाटणं टेकवलं, दुसरं टोक कानामागं धरलं आणि डोळे मिटले.

हसू गेलं. "अजून फिरव," ते म्हणाले. मी फिरवलं. मग त्यांनी लाटणं काढलं आणि नुसता कान चाकाजवळ नेला. "फिरव." मग पुन्हा लाटणं. मग पुन्हा नुसता कान. असं चार वेळा झालं. पंपावरचा माणूस तो, एकच दुखणं तपासून थांबणारा नव्हता; हाडाला जे ऐकू येत होतं, ते कानाला येत नव्हतं. चाक आपोआप थांबलं, तसं त्यांनी लाटणं पुसून बाजूला ठेवलं.

"बेअरिंग गेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पेढे खाल्ले ना गा तुम्ही सगळ्यांनी?"

"खाल्ले," मी म्हणालो. मला इतकं वाईट आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

जाणं दोन दिवस पुढं गेलं, बेअरिंग बदललं आणि ताई सुखरूप पोचली. घाटात मी भाऊजींच्या शेजारी बसलो होतो. आता त्यांच्याकडे कानाचं मशीन आहे, ते बहुतेक वेळ खिशातच असतं, कारण त्यातून गाडी डब्यात बसून बोलते असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी मला बोलावणं येतं. लाटणं माझ्या हाडाला असतं आणि भाऊजी पाना घेऊन समोर उभे असतात. "काय म्हणते?" ते विचारतात, आणि मी जे ऐकू येईल ते ओरडून सांगतो. परवा मी म्हणालो, "काहीच नाही, चूप आहे." त्यांनी लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं, स्वतःच्या कानामागं धरून नीट ऐकलं आणि मगच ताईला चहा टाकायला सांगितला.