उघाडीखाली ठेवलेला दगड

शाश्वत विकासाच्या शिक्षणाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी विद्यापीठातून परतले, तेव्हा माझ्या अंगात वारं शिरलं होतं. पिशवीत जाडजूड फाइल होती आणि डोक्यात एकच विचार: आपल्या शाळेने यंदा काहीतरी करून दाखवायचं. मी विज्ञान शिकवते. मूळची घाटावरची. इथे येऊन अकरा वर्षं झाली होती तरी ताटात भात वाढला की मी आधी भाकरी शोधायचे, आणि शेजारणी त्यावरून मला अजून चिडवतात. आमची माध्यमिक शाळा खाडीकाठी आहे, मुरुडहून येणारी एसटी जिथे रिकामी होऊन परत वळते तिथे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील होडीवर नाहीतर आखातात, बाकीच्यांचे ट्रकवर. शेती बघायची ती आयांनी.

फाइलीत एक तक्ता होता. लावलेली रोपं किती, जगलेली किती, सहभागी विद्यार्थी किती. दिवाळीनंतर विद्यापीठाची समिती पाहणीला येणार आणि निवडलेल्या शाळेला मानपत्र देणार होती. मला ते मानपत्र हवं होतं. आज खोटं कशाला बोलू?

शाळेमागे मातीचा लांब बांध आहे. त्याच्या एका अंगाला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भातखाचरं. जुलैत सगळी खाचरं हिरवी झालेली, पण बांधाला लागून एक तुकडा उघडाबोडका पडलेला होता. नुसतं साचलेलं पाणी, गवताची काडी नाही. कोणाचा आहे हे मी विचारलंही नाही. नववीच्या फळ्यावर लिहिलं: पडीक जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन, उपाय वृक्षलागवड. खाऱ्या जमिनीत तगणारं झाड म्हणून तिवर, म्हणजे खारफुटी, निवडलं. एका शनिवारी मुलांना घेऊन त्या तुकड्यात दोनशे रोपं लावली.

तिवराला भरतीचं पाणी लागतं, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. बांधात एके ठिकाणी उघाडी आहे, म्हणजे पाण्याला जायला ठेवलेली वाट, आणि तिला लाकडी झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने तीच झडप मिटते आणि खारं पाणी बाहेर राहतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. अशी शहाणी वस्तू मी पाहिली आणि तिच्या फटीत एक दगड अडकवायला लावला. भरतीचं पाणी आत आलं, रोपांच्या बुडाशी खेळलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढले.

चौथ्या दिवशी एक बाई शिक्षकखोलीत आल्या. साडी खोचलेली, पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले. त्यांनी तो दगड माझ्या टेबलावर, तपासायच्या वह्यांवर ठेवला.

"ह्यो तुमचा काय, बाई?"

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती, म्हणून मी त्यांना तोंडओळखीने जाणत होते; सगळं गाव त्यांना वहिनी म्हणायचं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. तो तुकडा त्यांचा होता. दोन वर्षांपूर्वी मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि शेतात खाडी शिरली. बांध गावाने पुन्हा घातला, पण मातीत मीठ राहिलं. अशी जमीन पेरायची नसते. पावसाचं पाणी साचू द्यायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा साचू द्यायचं. दोन पावसाळे असं धुतलं की मग कुठे त्यात राता, म्हणजे इथलं लाल भात, धरतो. हा त्यांचा दुसरा पावसाळा होता. पुढल्या वर्षी त्या पेरणार होत्या. मी चार दिवस खाडी आत घेतली होती, आणि तीही अवसेच्या उधाणाची.

"आनि त्या तिवरांनी मुळं धरली, तर उद्या कोन तोडू देनार? शेताचं जंगल झालं म्हनतील. मी काय खायचं, तिवराची पानं?"

एवढ्यावरही मी गप्प बसले नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिवरामुळे किनारा कसा वाचतो, मासळी कशी वाढते, सगळं प्रशिक्षण त्यांना ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिवर नको असं कोन म्हनतं? तिवर हाय म्हनून बांध हाय. पन त्याची जागा बांधाच्या भायेर. तुमी पोरांना उलट्या अंगाला शिकिवलंत."

त्या निघून गेल्या आणि दगड तिथेच राहिला.

दुपारी मी त्यांच्या मुलीला बोलावलं. शेत तिच्या आईचं, आणि तिने स्वतःच्या हातांनी त्यात तिवर लावलं होतं. मी जरा तावातच विचारलं, "तुला माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "बाई, तुमी फळ्यावर लिवलं होतं. मी घटक चाचणीत पन तेच लिवलं. तुमी पुरे गुण दिलेत."

मी वही काढून पाहिली. पडीक जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन. शेजारी माझ्या लाल शाईची बरोबरची खूण. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जिला सगळं ठाऊक होतं तिला मी शिकवून अडाणी केलं होतं, आणि वर शाबासकी दिली होती.

तरी दोन दिवस मी काही केलं नाही. मानपत्राचा मोह सुटत नव्हता. मुख्याध्यापक सर तर रोपं काढायचं ऐकायलाच तयार नव्हते. "मॅडम, दिवाळीपर्यंत कळ काढा. समिती पाहून गेली की हलवू. तिवर तोडणं गुन्हा आहे. आत्ता मुलं ते उपटताहेत असा कोणी फोटो काढला, तर आपण दोघं चौकीत बसू." सर वाईट माणूस नाहीत. शाळेचं नाव व्हावं म्हणून त्यांची हाडं झिजली आहेत. पण तिसऱ्या दिवशी मी बांधावर गेले, तर रोपं अंग धरू लागली होती. म्हटलं, आता बास. घरी येऊन एक पत्र लिहिलं: चूक माझी, रोपं चुकीच्या जागी मी लावली, मी ती बांधाबाहेर हलवणार आहे, मुलांचा किंवा शाळेचा यात दोष नाही. खाली सही केली आणि सकाळी सरांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं.

नववीच्या वर्गासमोर मी फळ्यावरचं जुनं वाक्य पुन्हा लिहिलं आणि म्हणाले, "हे चूक आहे. मी चुकले. बरोबर काय ते हिची आई सांगेल." पोरं एकमेकांकडे बघू लागली. पोरांना शिक्षकाची चूक पाहायची सवय नसते.

शनिवारी आम्ही रोपं मुळाच्या चिखलासकट उचलली. वहिनी बांधावर उभ्या राहून एकेकाला जागा दाखवत होत्या: इथं लाटेचा मार हाय, इथं नको, तिथं गाळ बसतो, तिथं लावा. मी सगळ्यांत मागे, गुडघाभर चिखलात. पाय रुतून पडले तेव्हा वर्ग मनमुराद हसला, आणि वहिनी पहिल्यांदाच माझ्याशी मोकळं बोलल्या. "घाटावर असा चिखल न्हाय वाटतं?"

पण रोपं हलवली म्हणून आत आलेलं मीठ जात नव्हतं. उरलेला पावसाळा आम्ही त्या शेताला वाहिला. पाणी साचवायचं, ओहोटीला उघाडी नीट वाहते का बघायची, भरतीला झडप घट्ट मिटली का बघायची. शाळेचं वेळापत्रक घड्याळावर चालतं, खाडी चालते तिथीवर. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे आमचा तास कधी सकाळी तर कधी डबा खायच्या सुट्टीत यायचा, आणि वेळापत्रक करणारे गुरुजी माझ्या नावाने बोटं मोडायचे. कोळीवाड्यातल्या मुलींनी मला हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अकरा वर्षं मी अशा मुलींना विज्ञान शिकवत होते, हे मला एकीनेही सांगितलं नव्हतं. सांगणार कशा? मी कधी विचारलंच नव्हतं.

दर शनिवारी शेतातलं बाटलीभर पाणी आणून आम्ही बशीत आटवायचो. खाली मीठ उरायचं. बशा खिडकीत ओळीने ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख. महिन्याभराने थर पातळ झालेला साध्या डोळ्यांना दिसू लागला, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी छडी घेऊन धावले. क्षार, द्रावण, बाष्पीभवन हे धडे त्या वर्षी मला शिकवावे लागले नाहीत.

दिवाळीनंतर समिती आली. मी त्यांना थेट बांधावर नेलं. आतल्या अंगाला झाड नव्हतं. बाहेर लावलेल्यांपैकी बरीच लाटांनी नेली होती, काही तगली होती. काय घडलं ते वहिनींच्या मुलीने सांगितलं, दगडापासून बशांपर्यंत, एक शब्द न गाळता. समितीतल्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या सदस्यांनी तक्ता पुढे करून विचारलं, "म्हणजे जगलेली रोपं किती लिहू?" मी खरा आकडा सांगितला. मानपत्र दुसऱ्या शाळेला गेलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? घरी येऊन थोडी रडलेसुद्धा.

पण माझी खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात होती. शेत पेरायजोगं झालं का, की माझ्या चार दिवसांनी वहिनींचं आणखी एक वर्ष खाल्लं? उन्हाळाभर माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. जूनअखेर, पाऊस चांगला लागल्यावर, त्यांनी निरोप धाडला: पोरांना घेऊन या.

शेजारच्या खाचरांत राता पेरून झाला होता. वहिनींनी शेताच्या मधोमध जाऊन हात कोपरापर्यंत चिखलात घातला, खालची माती काढली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग मुलीला दिली, मग एकेका मुलाला. पोरं चाखून थुंकत गेली. शेवटी हात माझ्यापुढे आला.

"आता तुमी सांगा, बाई."

मी माती जिभेवर घेतली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. गोडी लागावी म्हणून मी जीव एकवटून वाट पाहिली. वर्षापूर्वी असतं तर मी म्हणाले असते, बऱ्यापैकी आहे, पेरून बघू. पण मला कळत होतं.

"खारट आहे," मी म्हणाले. "यंदा नाही पेरता येणार."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी साचलेल्या पाण्यात हात धुतले. शेजारच्या खाचरांकडे त्यांनी पाहिलं नाही, मी मात्र पाहिलं. "अजून एक पावसाळा. उद्या ओहोटी सकाळची हाय. नवी पोरं पन आना, बांधाला खेकड्यांची बिळं पडलीत, ती बुजवायला हवीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नववी आणि जुनी नववी, दोन्ही वर्ग बांधावर होते.