तुटक्या शेपटीचा तीन

माणसाचं नाव आईबाप ठेवतात, पण त्याची खरी ओळख त्याच्या गाडीच्या इंजिनावर ठोकलेली असते, असं मनापासून मानणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि तो आमच्या बुलढाण्यात मलकापूर रस्त्याला राहतो. तसे ते माझ्या एका शाळासोबत्याचे मामू. पण कोर्टातल्या वकिलांपासून भाजीवाल्यापर्यंत त्यांना मामू न म्हणणारा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. मामू मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी सहावीत असताना वडिलांबरोबर त्यांच्या शेडवर गेलो होतो. आमच्या स्कूटरच्या इंजिन नंबरात शेवटी चारशे सात होते, तेव्हापासून मी चारशे सात. माझ्या लग्नात स्टेजवर चढून त्यांनी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "काऊन बे चारशे सात, सापडली का शेवटी तुले कोणी?" त्या दिवशी बायकोनं मला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुम्ही तुरुंगात वगैरे होता का?

मामूंचा धंदा समजावून सांगायला सोपा, पण पटवायला कठीण. कुणी जुनी जीप, जुना ट्रॅक्टर, जुनी मोटरसायकल घ्यायला निघालं, की आधी मामूंना नेऊन इंजिन दाखवायचं. नंबर कारखान्यातून आलेला आहे, की कुणी घासून नवा ठोकलेला, हे मामू सांगत. त्याची एक रीत होती. चपला काढायच्या, इंजिनाला सलाम करायचा, मग थंड लोखंडावर नुसता तळहात ठेवून उभं राहायचं. "त्याले आधी हात कळू दे," म्हणत. तोवर कुणी नंबर मोठ्यानं वाचला तर मामू तसेच चपला घालून घरी येत. मग रॉकेलचा बोळा, मग डोळे मिटून बोट, आणि सगळ्यात शेवटी पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासायची. कागदावर आकडे उमटले की मामू ठोकणाऱ्याविषयी बोलू लागत. "डावखुरा होता. शेवटच्या आकड्याले घाई झाली त्याले, जेवणाची सुटी झाली असन." आपण वाकून पाहावं, तर शेवटचा आकडा खरोखरच कललेला! आम्ही हसत असू, पण हळू आवाजात. मेलेल्या माणसाविषयी घरातलं कुणी बोलावं तसं ते बोलत.

हौस तरी किती? माझ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाची जीप दारात थांबली, तर मामू पांढऱ्याशुभ्र कुर्त्यानिशी तिच्याखाली शिरले. व्याही ओवाळून घ्यायला उभे, आणि गाडीखालून दोन पाय बाहेर. पाच मिनिटांनी काळेकुट्ट होऊन निघाले आणि म्हणाले, "गाडी अस्सल हाये. आता जावई पाहू." आमचे दाजी अजूनही मामूंसमोर सरळ बसतात.

त्यांच्या शेडमध्ये मात्र मला फार वेळ थांबवत नसे. पेन्सिलीनं उतरवलेले सगळे नंबर त्यांनी सुतळ्यांवर टांगून ठेवले होते. भिंत ते भिंत, ओळीच्या ओळी. आमच्या पठारावर वारा असतोच, तेव्हा कागद हलले तर नवल नाही. पण पान हलत नाही अशा दुपारीही ते सळसळायचे. "बोलून राह्यले," मामू खाली मान घालून म्हणत, आणि मला घरचं एखादं काम आठवत असे. त्यात मामूंचे ओठ सारखे हलत असायचे. मी एकदा म्हटलं, "मामू, नमाज झाली ना आत्ताच?" म्हणाले, "नमाज पाच वेळ. हे बाकीच्या वेळेले." मी कान दिला. ते आकडे होते. तेच सहा आकडे, पुन्हा पुन्हा.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. साखरेचा त्रास. एक दिवस सहा की आठ, हे बोटाला कळेना. त्या दिवशी त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेला एक पोलादी ठसा काढला. नंबर ठोकायचा, इंग्रजी तीनचा. त्याची खालची शेपटी तुटलेली होती.

"म्या आयुष्यात एकच नंबर खोटा मारला," मामू म्हणाले.

तेव्हा ते खामगावच्या एका गॅरेजात होते, पंचविशीतले. कुणीतरी टेम्पोत घालून एक इंजिन आणलं, आठ सिलिंडरचं, अमेरिकन. नंबर गंजानं गेला, नवा ठोकून द्या म्हणाला. मामूंना ताज्या कानशीचे ओरखडे दिसले. "समजलं होतं बे मले. पण उस्ताद बाहीर गेले होते, आन् मले माहा हात पाह्याचा होता. कारखान्यासारखा जमते का म्हून." जमला. फक्त तिनाची शेपटी त्याच घावात उडाली. आठ दिवसांनी सुलतानपूरचा एक माणूस गॅरेजच्या दारात उभा राहिला. त्याची लग्नाच्या वरातीला भाड्यानं जाणारी अमेरिकन गाडी चोरीला गेली होती, आणि तो इंजिनाचा नंबर आणि आपला पत्ता चिठ्ठीवर लिहून गावोगाव विचारत फिरत होता. मामूंनी चिठ्ठी पाहिली आणि नाही अशी मान हलवली. तो म्हणाला, "दिसली तं कळवा, भाऊ," आणि चिठ्ठी ठेवून गेला. "त्यानं माह्यावर शक घेतला असता तं बरं झालं असतं," मामू म्हणाले. ओठांवरचे आकडे त्या चिठ्ठीवरचे होते. तेव्हापासून ते दिसेल ते इंजिन वाचत आले होते, दुसऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या हाताच्या शोधात. आणि आता बोटं संपत आली होती.

मागच्या उन्हाळ्यात उंद्रीच्या एका बागायतदारांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेली एक अमेरिकन गाडी वर्षानुवर्षं गोठ्यात पडून होती. पुण्याचे एक हौशी गृहस्थ ती घ्यायला आले होते, पण इंजिन गाडीसोबत जन्मलेलं हवं, ही त्यांची अट. मी मामूंना घेऊन गेलो. भर दुपार होती. बॉनेट उघडलं. पुण्याच्या गृहस्थांनी नंबर वाचायला तोंड उघडलं, तसा मी त्यांचा हात दाबला. मामूंनी चपला काढल्या, सलाम केला, तळहात ठेवला. मग बोट फिरवलं, आणि चौथ्या आकड्यावर ते थांबलं. मामूंनी खिशातून फडकं काढलं आणि तो ठसा त्या आकड्यावर टेकवला. आपल्याच जुन्या चपलेत पाय जावा तसा तो बसला. गोठ्यातल्या म्हशीनंही रवंथ थांबवला होता असं मला आज वाटतं, पण तो माझाच भास असेल.

"नंबर खोटा हाये," मामू म्हणाले.

"कोण म्हणते?" बागायतदार भडकले. "सारे कागद हायेत माह्याजवळ!"

"मी म्हणतो. म्याच मारला."

 मामूंनी पॉलिश पेपर फिरवून जागा चकचकीत केली आणि तेजाबाची बाटली काढली. "आकडा घासला तरी मार जात नाई," ते म्हणाले, "मार लोखंडाच्या आत बसते." त्यांनी डोळे मिटले, बोळा फिरवला आणि म्हणाले, "पाच." कोऱ्या लोखंडातून, खोट्या आकड्यांच्या मधून, एक करडा पाच वर आला. "एक," मामू म्हणाले, आणि एक आला. ते म्हणत गेले आणि आकडे येत गेले. सहाच्या सहा, जणू हाक मारल्याशिवाय यायचं नाही असं ठरवून इतकी वर्षं खाली थांबलेले.  मी कसाबसा मोबाइलवर फोटो काढला. दोन मिनिटांत आकडे पुन्हा लोखंडात बुडाले.

मामू चपला न घालताच माझ्या गाडीत जाऊन बसले. "सुलतानपूरले घे," एवढंच बोलले.

तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्याची मुलगी होती, साठीची. मामूंनी इतकी वर्षं खिशात जपलेली ती चिठ्ठी पुढे केली, तिनं बापाचं अक्षर ओळखलं. मामूंनी काही म्हणजे काही लपवलं नाही; ठोकलेला नंबर, हललेली मान, सगळं उभ्यानंच सांगितलं. तिनं चिठ्ठीच्या घड्या बोटांनी सरळ केल्या. मग म्हणाली, "बाबाले साऱ्या गॅरेजवाल्यांनी हाकललं होतं. मरेपर्यंत म्हणत, खामगावच्या एका मिस्त्रीनं तेवढा कागद ठेवून घेतला, तो भला माणूस हाये, तो कळवीन." आणि ती चहा ठेवायला आत गेली. मामू ओसरीवर खाली बसले आणि रडले. मीही.

व्यवहार अर्थातच मोडला. गाडी अजून उंद्रीच्या गोठ्यात आहे, आणि तिचं काय करायचं ते दोन्ही घरं मिळून ठरवताहेत. मामूंनी सुतळ्या काढून टाकल्या. ओठही आता हलत नाहीत. परवा मी शेडवर गेलो, तर आतून आवाज आला, "ये सुधीर, बस." माझं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, मी चक्क मागे वळून पाहिलं. वडील गेल्यावर स्कूटर भंगारात गेली. तिचा नंबर उरला होता तो फक्त मामूंच्या तोंडात.

"मामू, चारशे सात म्हणा ना," मी म्हटलं.

 ते ओशाळून म्हणाले, "कोणती गाडी होती बे ते?"

स्कूटर होती, बाबांची, मी सांगितलं.