चिंधीच्या यादीतले एकोणीस

चिंधीवर मी जळायचे, हे आधीच सांगून टाकते. तिची आई आमच्या शेतावर भातकापणीला यायची. पुढे शेत विकून सासऱ्यांनी बंगला बांधला, आणि कातकरवाडीवरची ही आठवी शिकलेली चिंधी माझ्यासारखीच आशाताई झाली. तिची वाडी डोंगराच्या पायथ्याशी, माझं गाव पळस्प्याच्या अलीकडे. आरोग्य केंद्रातल्या बैठकीत मात्र दोघींना एकाच सतरंजीवर बसावं लागायचं.

मार्चमध्ये क्षयरोगाचा सर्व्हे झाला. कुठल्या गावावर आजाराचं ओझं किती, हे केंद्राच्या डॉक्टर मॅडमना आकड्यांत मांडायचं होतं. माझी घरं दोनशे चाळीस, खोकल्याचे संशयित शून्य. चिंधीची घरं पासष्ट, त्यातली चाळीस कुलूपबंद, कारण माणसं वीटभट्टीवर. आणि संशयित किती, तर एकोणीस!

"शाब्बास, चिंधी," मॅडम म्हणाल्या. "भाविकाताई, तुमच्या गावात कोणी खोकतच नाही का?"

सगळ्या हसल्या. चिंधी तेवढी हसली नाही, आणि मला त्याचाही रागच आला.

"कुलूपबंद घरांतून एकोणीस कसे निघतात, ते विचारा की तिला," मी म्हटलं.

एकीची यादी दुसरीनं तपासायची असा नियम होता. मी चिंधीची यादी हट्टानं मागून घेतली. खोटी नावं शोधायची आणि पुढच्या बैठकीत तिची चांगली जिरवायची, एवढंच माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला भट्टीवर घेऊन गेली. वाटलं होतं, दारोदार जाऊन खोकल्याचं विचारेल. ती खोकल्याचं नावच काढेना. मातीत बसायची, कुणाचं तरी पोर मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "ह्या हप्त्याला इटा किती पाडल्या?" ज्या जोडप्याच्या विटा कमी झाल्या असतील, तिथून ती उठायचीच नाही. "कोन बसला? तू का तुजी बायको?" मग ताप, खोकला, उतरलेलं अंग, सगळं हळूहळू बाहेर यायचं.

"आजार इचारला तर समदी नायच बोलतात, ताई," ती म्हणाली. "म्हनून मी इटा इचारते."

आणि मी कशी विचारायची? फाटकातूनच. "काय वयनी, घरात कोनाला काय नाय ना?" वहिनी म्हणायची, "नाय गो." मी टिक करून पुढे.

कागदाच्या पुढच्या बाजूची अठराच्या अठरा नावं खरी निघाली. मला रडू यायचं बाकी होतं. एक तरी खोटं निघायला काय हरकत होती?

"एक मागच्या अंगाला हाय," चिंधी खाली बघत म्हणाली.

मी कागद उलटला. धनेश बळीराम, वय चौतीस, टेम्पोवाला, खोकला, वजन घटलं.

"हा माझा नवरा आहे."

"ठावं हाय. इटा भरताना दोनदा खाली बसले. मी इचारलं, पयले किती खेपा मारायचात? तवा बोलले. घरी सांगा म्हनून मी लय येला सांगितलं त्यांना."

आधी भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी मत्सरच वाटला. गच्चीवर हवा चांगली लागते म्हणून हा वर झोपतो, असं मी समजत होते. आणि त्यानं आपलं दुखणं सांगितलं ते हिला. एखादीबरोबर सिनेमाला गेला असता, तरी मला एवढं लागलं नसतं.

घरी आले तेव्हा धनेश फाटकापाशी टेम्पो धूत होता. मनात हजार गोष्टी होत्या आणि तोंडातून निघालं काय, तर "अवो, तुमाला काय नाय ना?"

"नाय गो," तो म्हणाला.

मी तिथेच पायरीवर बसले. "भट्टीवरच्या खेपा किती मारता आता?"

त्यानं नळ बंद केला.

"दोन."

"आन पयले?"

"पाच."

"मना का नाय सांगितलंत?"

"तू सगल्या गावात सांगत फिरतेस, आमच्या गावात एक बी नाय म्हनून," तो म्हणाला. "पयला मीच कसा निघू?"

मी पिशवीतून चिंधीची यादी काढली. डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं नीट दिसत नव्हती.

"खोकला किती दिवस झाला?"

"सव्वा मयना."

कागदावर चिंधीनंही तेवढेच दिवस लिहिले होते. मी त्यापुढे 'बरोबर' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.